उन्हाळी सुट्टी, उशिराचे विमान आणि हाताशी ठेवलेला एक दिवस

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर धुळीचे वादळ आले. घाटकोपरच्या छेडानगरला अवाढव्य जाहिरात फलक कोसळून सतरा जणांचा जीव गेला, ती हीच दुपार. त्या दुर्घटनेपुढे विमानतळावरचा खोळंबा किरकोळच म्हणावा लागेल, पण उन्हाळ्यात विमाने का आणि कशी रखडतात हे समजून घ्यायला तो दिवस फार उपयोगी आहे. साधारण तासभर विमानांची ये-जा थांबली आणि मुंबईकडे येणारी पंधरा विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. वादळ ओसरल्यावर धावपट्टी पुन्हा सुरू झाली. मात्र असा एक तास तासाभरात भरून निघत नाही. ज्याने त्या दिवशी मुंबईचे तोंडही पाहिले नाही, अशा प्रवाशाचे रात्रीचे विमानही त्यात अडकू शकते.

याचे कारण साधे आहे. देशांतर्गत मार्गावरचे एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारते. मुंबईहून जयपूर, जयपूरहून परत, मग नागपूर, मग कोलकाता अशी त्याची साखळी आखलेली असते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण तास असतो. सकाळच्या फेरीला चाळीस मिनिटे उशीर झाला, तर तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, दर महिन्याला विलंबाची कारणे प्रसिद्ध करते. त्यात सर्वांत मोठा वाटा बहुधा ‘रिअ‍ॅक्शनरी’ या कारणाचा, म्हणजे आधीच्या फेरीच्या उशिरामुळे झालेल्या उशिराचा असतो. त्यात भर पडते ती कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची. वैमानिकाने सलग किती तास काम करावे याला कायद्याची मर्यादा आहे आणि ती असायलाच हवी. पण त्यामुळे संध्याकाळी दोन तास रखडलेल्या विमानाचा वैमानिक रात्री नऊला ‘वेळ संपली’ म्हणून उतरतो, दुसरा मिळेपर्यंत आणखी दोन तास जातात आणि कधी कधी फेरीच रद्द होते.

उन्हाळ्यात हे अधिक घडते, त्याचे पहिले कारण वळीव. मराठी माणसाला वळवाच्या पावसाची वेळ सांगावी लागत नाही. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडाट होतो. उत्तर भारतातली आँधी आणि बंगालमधली कालबैशाखी यांची तऱ्हाही बरीचशी हीच. अशा ढगांत विमान घालणे धोक्याचे असते. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान गारपिटीत सापडले. दोनशेहून अधिक प्रवासी सुखरूप उतरले, पण विमानाच्या नाकाडाची अवस्था छायाचित्रांतून देशाने पाहिली. वैमानिकाने अर्धा तास घिरट्या घातल्या किंवा विमान दुसऱ्या शहरात उतरवले, तर प्रवाशांनी त्याच्यावर चिडू नये.

दुसरे कारण नुसती उष्णता. हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. मग उडण्यासाठी एक तर धावपट्टी लांब हवी किंवा विमानातले वजन कमी हवे. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ अंशांवर गेला, तेव्हा लहान जेट विमानांच्या चाळीसहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या, कारण त्या विमानांची मर्यादाच तेवढी होती. आपल्याकडे याचे ठळक उदाहरण म्हणजे लेह. सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या या विमानतळावर हवा मुळातच विरळ, म्हणून तिथली विमाने प्रामुख्याने सकाळी ये-जा करतात. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहचे तापमान ३५ अंशांच्या आसपास गेले आणि काही दिवस उड्डाणे रद्द करावी लागली. लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या पाहता ही बातमी महाराष्ट्रात जितकी वाचली जायला हवी होती तितकी गेली नाही. लेहच्या सहलीत परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवणे ही चैन समजू नये.

तिसरे कारण धावपट्ट्यांचे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी दर वर्षी मे महिन्यात एका दिवशी दोन्ही बंद ठेवतात. २०२४ मध्ये तो दिवस ९ मे होता, २०२५ मध्ये ८ मे, दोन्ही वेळा सकाळी ११ ते संध्याकाळी ५. ही तारीख महिनोन्‌महिने आधी ठरते आणि वर्तमानपत्रांतही येते, म्हणून मे महिन्याचे मुंबईचे तिकीट काढताना ती पाहून घ्यावी. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये चारपैकी एक धावपट्टी सुधारणेसाठी बंद केली गेली. वारा पूर्वेकडून वाहू लागला की उतरणाऱ्या विमानांची संख्या कमी करावी लागे आणि रोज शेकडो फेऱ्यांना उशीर होई. शेवटी काम पुढे ढकलून मे महिन्यात ती पुन्हा उघडावी लागली.

ही सगळी कारणे प्रवाशाच्या हाताबाहेरची आहेत. त्याच्या हातात असते ती प्रवासाची आखणी, आणि ती तिकीट काढतानाच ठरते. विमानतळावर पोहोचल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते.

शक्य असेल तेव्हा दिवसाच्या पहिल्या फेरीचे तिकीट काढावे. ते विमान बहुतेक वेळा आदल्या रात्रीच येऊन थांबलेले असते, साखळीतल्या उशिराचा प्रश्न येत नाही आणि वळवाची वेळही टळते. याला अपवाद असतात. २ मे २०२५ रोजी दिल्लीत पहाटेच वादळ झाले आणि काही तासांत ७७ मिलिमीटर पाऊस पडला. पण पहिली फेरी चुकली तरी पुढे सबंध दिवस शिल्लक असतो, रात्री दहाची चुकली तर थेट दुसरा दिवस उजाडतो. पहाटे तीनला मुलांना उठवण्याचा त्रास असतो हे खरे, तरी लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन मध्यरात्री विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसण्यापेक्षा तो पुष्कळ कमी असतो.

मे महिना लग्नसराईचा आणि प्रवेशपरीक्षांचा. मुहूर्त थांबत नाही आणि परीक्षा केंद्राचे दार ठरल्या वेळी बंद होते. अशा प्रवासाला आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचणारे विमानही पुरेसे नाही. आदल्या सकाळी निघावे, म्हणजे एक फेरी रद्द झाली तरी दुसरी, तीही गेली तर गाडी किंवा बस, असे पर्याय हाती राहतात. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च मोठा वाटतो. मुलाचे वर्षभराचे श्रम दुसऱ्या पारड्यात टाकले की तो तसा वाटत नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांमुळे. नागपूरहून किंवा कोल्हापूरहून मुंबईला यायचे एक तिकीट, मुंबईहून पुढे परदेशी जायचे दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट. किंवा श्रीनगरहून दिल्ली एका पीएनआरवर आणि दिल्लीहून पुणे दुसऱ्या. दोन-तीन हजार रुपये वाचतात. पण पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो प्रवासी वेळेवर न आलेला, ‘नो-शो’ ठरतो. त्याचे पैसे जातात आणि त्याच तिकिटावर परतीची फेरी असेल तर बहुधा तीही आपोआप रद्द होते. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगळी तिकिटे काढणे भागच असेल, तर देशांतर्गत प्रवासात दोन्हींत किमान चार-पाच तासांचे अंतर ठेवावे आणि परदेशी विमान पकडायचे असल्यास आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. विमानानंतर लगेच रेल्वे पकडण्याचा बेतही असाच ठिसूळ. विमान उशिरा आले म्हणून रेल्वे तिकिटाचे पैसे परत देत नाही.

मुंबईत टर्मिनलचा घोळ वेगळाच. सांताक्रूझचे टर्मिनल १ आणि सहारचे टर्मिनल २ यांमध्ये मुंबईचा रस्ता आहे आणि त्याची वाहतूक. आता नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. गोव्यातही दाबोळी आणि मोपा अशी दोन ठिकाणे आहेत. विलंबानंतर कंपनी पर्यायी विमान देते, तेव्हा ते कोणत्या विमानतळावरून निघणार हे आधी पाहावे. बाहेर टॅक्सी दाबोळीला उभी आणि विमान मोपाला उतरले, तर मुलाबाळांसह तासाभराहून अधिकचा प्रवास वाढतो.

तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक हवा. एजंटाकडून किंवा सहल कंपनीकडून तिकीट काढले, की अनेकदा तिथे त्यांचाच क्रमांक पडतो. ‘विमान तीन तास उशिरा’ असा निरोप एजंटाच्या फोनवर येतो आणि कुटुंब पहाटे चारला विमानतळावर. मामला इथेच संपत नाही. तिकीट काढताना संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नसेल, तर फेरी रद्द झाल्याची भरपाईसुद्धा नियमानुसार नाकारता येते.

प्रवासाच्या दिवशी कंपनीच्या अ‍ॅपइतकेच लक्ष येणाऱ्या विमानावर ठेवावे. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर यांसारख्या अ‍ॅपवर आपल्या फेरीचे विमान आत्ता कुठे आहे ते बऱ्याचदा दिसते. पुण्याहून सातला सुटणारे विमान साडेसहाला अजून बंगळूरच्या जमिनीवर असेल, तर फलकावर ‘ऑन टाइम’ लिहिलेले असले तरी ते सातला निघणार नाही, हे कुणी सांगायला नको. मात्र एक काळजी घ्यावी. विमान उशिरा आहे असे आपल्याला कळले, पण कंपनीने नवी वेळ कळवलेली नाही, अशा वेळी मूळ वेळेनुसारच चेक-इन करावे. खाण्यापिण्याच्या सोयीचा हक्क वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशालाच मिळतो.

हे हक्क काय आहेत? डीजीसीएचे नियम २०१० पासून लागू आहेत आणि त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होत असेल, तर अल्पोपाहार-जेवणाची सोय कंपनीने करायची. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी ही मर्यादा तीन तास, त्याहून लांबच्या उड्डाणासाठी चार तास. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर सहा तासांच्या आतले पर्यायी विमान किंवा संपूर्ण पैसे परत, यांतला पर्याय द्यायला हवा. उशीर चोवीस तासांहून अधिक असेल, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतले विमान सहा तासांहून जास्त रखडत असेल, तर हॉटेल आणि तिथे नेण्या-आणण्याचा खर्च कंपनीचा.

आपल्याकडे विमानाला उशीर झाला म्हणून रोख भरपाई देण्याची तरतूद या नियमांत नाही, आणि काउंटरवरची निम्मी भांडणे या गैरसमजातून होतात. रोख भरपाई आहे ती पुरेशी पूर्वसूचना न देता फेरी रद्द केल्यास. उड्डाण एक तासापर्यंतचे असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतचे असेल तर ७,५०० आणि त्याहून मोठे असेल तर १०,०००; किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतली जी रक्कम कमी असेल ती. वादळ, धावपट्टी बंद, संप, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांसाठी तीही नाही. जेवण, पर्यायी विमान किंवा तिकिटाचे पैसे यांचा हक्क मात्र उरतो. म्हणून काउंटरवर ‘भरपाई द्या’ असे ओरडण्यापेक्षा ‘उशिराचे कारण लेखी द्या आणि जेवणाची कुपने कुठे मिळतील ते सांगा’ असे विचारावे. त्यातून हाती काहीतरी लागते.

फेरी रद्द झाली की मोबाइलवर लिंक येते: पैसे परत घ्या किंवा दुसरी फेरी निवडा. घाईत ‘रिफंड’ दाबले जाते, आणि गर्दीच्या हंगामात ते सर्वांत महागात पडते. महिन्यापूर्वी साडेपाच हजारांना घेतलेल्या तिकिटाचे साडेपाच हजार परत येतात, पण त्याच दिवशीचे दुसरे तिकीट पंधरा हजारांना असते. एकदा पैसे घेतले की पोहोचवून देण्याची कंपनीची जबाबदारी संपते. आधी पर्यायी फेरी मागावी, ती खरोखरच उपयोगाची नसेल आणि दुसरी सोय हाताशी असेल, तरच पैसे घ्यावेत.

विमानात बसल्यावर दार लावून तासन्‌तास थांबण्याचा अनुभव अनेकांना असेल. मार्च २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने सूचना काढली, की असा खोळंबा फार लांबला तर प्रवाशांना विमानातून उतरून विमानतळाच्या प्रस्थान दारातून बाहेर पडता येईल. आजारी किंवा घाबरलेला माणूस बरोबर असेल तर हे शांतपणे विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या कानावर घालावे.

परदेश प्रवासात नियमांचे चित्र बदलते. युरोपीय संघाच्या नियमानुसार, मुक्कामी पोहोचायला तीन तास किंवा अधिक उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. पॅरिसहून मुंबईला येणारे विमान कोणत्याही कंपनीचे असो, हा नियम लागू होतो. मुंबईहून पॅरिसला जाताना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. ब्रिटनमध्येही जवळपास असाच नियम आहे, कमाल रक्कम ५२० पौंड. मे महिन्यात युरोप सहलीला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी फारच थोडी हे पैसे मागतात. कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा.

उन्हाळ्यात अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा विचार वेगळा करायला हवा. सत्तरीतले जोडपे, मध्ये आखातात किंवा युरोपात विमानबदल, इंग्रजी जेमतेम. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत पंचाहत्तर वर्षांतला विक्रमी पाऊस झाला, हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या आणि हजारो लोकांनी रात्री विमानतळाच्या फरशीवर काढल्या. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्याने पश्चिमेकडच्या काही उड्डाणांचा वेळही वाढला आहे. म्हणून त्यांच्या तिकिटात विमानबदलासाठी दीड तास असेल, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नये. तीन-चार तास असावेत. व्हीलचेअरची नोंदणी तिकीट काढतानाच करावी. तीन दिवस पुरतील एवढी औषधे, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असावीत. इन्सुलिन तर सामानात कधीच देऊ नये. भारतीय सिमवर रोमिंग सुरू असावे, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि घरच्यांना फोनही लागत नाही. मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद बरोबर द्यावा: पीएनआर, दोन्ही विमानांचे क्रमांक, मुलाचा फोन, आजार आणि औषधांची नावे. आणि हेही आधी समजावून सांगावे, की शेंगेन व्हिसा नसेल तर विमान चुकल्यावर कंपनीने शहरातले हॉटेल दिले तरी युरोपातल्या विमानतळाबाहेर पडता येत नाही. आतच थांबण्याची व्यवस्था मागावी लागते. हे माहीत नसलेले आईवडील परक्या ठिकाणी आपलेच काही चुकले असे समजून गप्प बसून राहतात. त्यांना ते एकटेपण येऊ नये, यासाठी हा एक कागद आणि अर्ध्या तासाचे बोलणे पुष्कळ आहे.

कधी विलंबाचे रूपांतर थेट बंदमध्ये होते. ७ मे २०२५ नंतर श्रीनगर, लेह, जम्मू, अमृतसरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले आणि १२ मे रोजी उघडले. जेट एअरवेजची शेवटची फेरी १७ एप्रिल २०१९ ला झाली, गो फर्स्टची विमाने ३ मे २०२३ पासून थांबली. दोन्ही वेळा ऐन सुट्टीच्या तोंडावर, आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकवून. अशा प्रसंगी क्रेडिट कार्डाने पैसे भरलेल्यांना बँकेकडे चार्जबॅकचा दावा करण्याचा एक मार्ग तरी होता. प्रवास विम्यातही विलंबाचे कलम असते, पण ते किती तासांनंतर लागू होते हे पॉलिसीगणिक वेगळे असते आणि दाव्यासाठी विमान कंपनीचे विलंबाचे प्रमाणपत्र लागते.

विमान रखडल्याचे कळताच पुढच्या दोन-तीन ठिकाणी फोन करावेत. रात्री दोनला पोहोचणाऱ्याने हॉटेलला कळवले नाही, तर खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. टॅक्सीवाल्याला, सहलीच्या व्यवस्थापकाला, लग्नघरी निरोप द्यावा. बरोबर सुका खाऊ, पाण्याची रिकामी बाटली, मुलांचे एक गरम कापड आणि पॉवर बँक असावी. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यायची असते.

तक्रार करायची झाल्यास आधी कंपनीकडे लेखी, मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथेही न्याय मिळाला नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दावा दाखल करता येतो. २०१९ च्या कायद्यामुळे साताऱ्याच्या प्रवाशाला दिल्लीला जावे लागत नाही, तो सातारा जिल्हा आयोगाकडेच जाऊ शकतो. त्यासाठी बोर्डिंग पास, कंपनीचे सगळे एसएमएस, विमानतळावरच्या फलकाचा वेळेसह फोटो आणि त्या काळात झालेल्या खर्चाच्या पावत्या लागतात. एसएमएस डिलीट करण्याची सवय असलेल्यांनी त्यांचे स्क्रीनशॉट त्याच रात्री काढून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवावेत.